बद्द आणेली

चहाचा कप पुढे आला की मामा आधी त्याला नखाने टिचकी मारत. मान तिरकी करून क्षणभर ऐकत आणि मगच कप तोंडाला लावत. कप बद्द वाजला, तर चहा बशीत ओतून घेत आणि रिकामा कप चहावाल्याच्या हातात परत देत.

"याला आत चीर हाय. आज नाय तर उद्या जाईल. कुनाच्या तरी मांडीवर सांडंल."

चहावाला कप उजेडाला धरून चारी बाजूंनी पाही. त्याला काहीही दिसत नसे.

"वरनं काय बगतोस रं?" मामा म्हणत. "वरनं समदं चकचकीतच असतं."

तुम्ही पूर्वी कधी पुण्याच्या गाडीने गेला असाल, तर घाट चढायला मागे जादा इंजिनं लागेपर्यंत कर्जतला गाडी थांबते, हे तुम्हाला माहीत असेल. वडे घ्यायला तुम्ही फलाटावर उतरलाही असाल. त्या वेळी निळा डगला घातलेला एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्याखाली वाकत, चाकांवर एकेक ठोका मारत पुढे जाताना कदाचित दिसला असेल. आपलं लक्ष वड्याकडे असतं, त्यामुळे तो कुणाच्या ध्यानात राहत नाही. आमच्या स्टेशनावर ते काम मामांकडे होतं. ते कुणाचेच मामा नव्हते, पण स्टेशनमास्तरांपासून हमालांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. आत कुठे चीर असली, तर आवाज बसका येतो. गाडी सुटायच्या आत तो बसका आवाज ओळखायचा, एवढंच त्यांचं काम. त्यासाठी त्यांच्याकडे ती हातोडी आणि दोन कान होते.

मी तिकिटाच्या खिडकीत बसत असे. स्वभावाने मी पहिल्यापासून भित्रा. पाल पडली तरी खुर्ची सोडून उठणारा. घाटाची तर मला विशेष धास्ती होती, आणि नेमकं माझं पोस्टिंग घाटाच्या पायथ्याशी झालं होतं. मामा पहिल्यांदा खिडकीशी आले, तेव्हाही मी घाबरलोच.

"भाऊसाहेब, खराब नानं आलं तर माझ्यासाठी ठेवाल का? बदल्यात चांगलं देतो."

माझ्या डोळ्यांपुढे लगेच पोलीस उभे राहिले. खोटी नाणी गोळा करणाऱ्या माणसाशी आपलं नाव जोडलं गेलं, तर नोकरी जाईल. मी मान खाली घालून तिकिटं मोजायचं नाटक केलं.

मामा हसले. "खोटी नव्हं हो. खरीच. सरकारी टांकसाळीतली. पन बिघडलेली."

त्यांनी खिशातून दहा पैशाचं एक नाणं काढून खिडकीच्या शहाबादी फरशीवर टाकलं. ते टक्क करून पडलं आणि गप्प झालं. मग त्यांनी दुसरं टाकलं. ते गात गात फिरलं आणि आडवं झालं. पहिलं नाणं मी उचलून पाहिलं, तेव्हा त्याच्या कडेला कांद्याच्या सालीसारखा बारीक पापुद्रा सुटलेला दिसला.

"धातू वितळवताना कुठं राखेचा, मातीचा कन राहतो," मामांनी सांगितलं. "मंग पत्रा लाटताना तो बी लाटला जातो. त्याच पत्र्यातनं नानी कापायची. ज्याच्या वाट्याला तो कन येतो, ते असं व्हतं. पिठात खडा राह्यला की भाकरी तितंच तुटते ना, तसं."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी नाणी ठेवू लागलो. पापुद्रे सुटलेली, फोड आलेली, राजाच्या गालावरून काळी रेघ गेलेली. एका पावलीचं तर अर्धं तोंडच सोलून निघालं होतं. ही सगळी मामा बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवत. पुढे ॲल्युमिनियमची नाणी आली, तेव्हा ते फार वैतागले. "याला आवाजच नाय. पत्रावळ पडल्यावानी पडतं. याचं पोट कळायचं कसं मानसाला?"

त्यांना सगळ्यांच्याच पोटातलं कळून घ्यायचं असे. आठवड्याच्या बाजारात ते दिसले की कुंभारीण मडक्यांवर पदर टाकी. मुलीसाठी स्थळ पाहायला बदलापूरला गेले, तर तिथेही त्यांनी पाण्याचा तांब्या वाजवून पाहिला आणि व्याह्यांना म्हणाले, "तांब्या पिचलाय बरं का." लग्न मोडता मोडता राहिलं. आम्ही यावर पोट धरून हसत असू. मामाही हसत. पण हसताना त्यांचे डोळे मात्र हसत नसत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

लक्षात आलं ते एका दुपारी. गाडी उभी होती, इंजिनं लागली होती, गार्डाच्या हातात हिरवा बावटा होता. मामांनी मधल्या एका डब्याच्या चाकावर ठोका मारला आणि ते थांबले. पुन्हा मारला. मग हातोडी वर करून ओरडले, "गाडी सोडू नका!"

मोठा गोंधळ झाला. उतारू खाली उतरले, कुणी शिव्या दिल्या. डबे-चाकांची देखरेख करणाऱ्या कॅरेज खात्याच्या साहेबांनी येऊन चाक पाहिलं, त्यांना काही दिसेना. मामा आपले एकच म्हणत राहिले, "बद्द हाय, सायब." शेवटी तो डबा गाडीपासून सोडवून बाजूला काढला आणि गाडी तासभर उशिरा गेली. दोन दिवसांनी चाक धुऊन, घासून, तेल लावून तपासलं, तेव्हा केसाएवढी चीर सापडली. सगळ्यांनी मामांची पाठ थोपटली. मी त्यांना चहा पाजायला नेलं, तर कपाला टिचकी मारायचीही ते विसरले.

"भाऊसाहेब, हे सापडलं. पन न सापडलेलं किती असंल?" ते म्हणाले. "मला याचंच भ्या वाटतं. जेवताना वाटतं, निजताना वाटतं."

त्याच दिवशी त्यांनी मला डब्याच्या तळाशी चिंधीत बांधलेलं एक नाणं दाखवलं. जुनी, लाटदार कडांची आणेली, एका आण्याचं नाणं. त्यांचं हे सगळ्यात पहिलं नाणं.

मामांचं गाव खालापूरच्या बाजूला. लहानपणी गावात वाणी त्यांच्या लोकांच्या हातातून पैसा घेत नसे. पायरीवर टाकायचा, मग वाणी त्यावर पाणी शिंपडून उचलायचा. पैसा टाकला की वाजायचा. आवाजावरून नाणं ओळखायला मामा तिथेच शिकले. आईला गवत कापल्याबद्दल मिळालेली ही आणेली घेऊन ते मीठ आणायला गेले होते. पायरीवर टाकली, ती बद्द वाजली. "खोटी आनली रं चोरानं," म्हणून वाण्याने आरडाओरडा केला आणि तिथे बसलेल्या दोघांनी त्यांना मारलं. वय असेल आठ-नऊ. आईने आणेली गवताच्या मालकाला परत नेऊन दाखवली, तर तो म्हणाला, मी खरी दिली होती, तुम्हीच बदलली. आई परत आली, आणेली चिंधीत बांधून फळीवर ठेवली आणि त्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाही.

"रेल्वेत लागल्यावर ज्या मिस्तरीनं मला हातोडी शिकवली, त्याला ही दावली," मामा म्हणाले. "त्यानं कानशीनं कड घासली. म्हनला, ही खोटी नाय. खरीच हाय. आत कचरा राह्यलाय. मी त्या रातीच आयला सांगायला गावाला गेलो, तर आय..." त्यांनी आणेली पुन्हा चिंधीत गुंडाळून गाठ मारली.

छप्पन साली त्यांच्या घराण्याने बुद्धाचा धर्म घेतला. दहिवलीच्या त्यांच्या दोन खोल्यांत तथागतांची तसबीर होती आणि तिच्याखालच्या फळीवर नाण्यांचा डबा असे. देवाजवळ असली बिघडलेली नाणी कशाला, असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "मंग कुठं ठेवू? ती बी कुठं तरी राहायला पायजेत ना."

मामांना निवृत्त व्हायला सहा-सात महिने राहिले होते. एका सकाळी ते खिडकीशी आले आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाले, "माझ्या कानात गुनगुन व्हतीय. आठ दिस झाले."

मी म्हटलं, डॉक्टरांकडे जा.

"जाईन. पन आजून कळतंय मला. कळायचं बंद झालं की त्याच दिशी हातोडी ठेवीन, सायबाला आपल्या तोंडानं सांगंन. फकस्त ते बंद झालंय हे मला कुनी सांगायचं? कानाला कानाचं कळत नाय." त्यांनी डबा माझ्यापुढे ठेवला. "रोज कामाला जायच्या आधी मी इतं पाठ करून उभा राहीन. तुमी पाच नानी टाकायची, चांगली-बिगडलेली मिसळून. मी वळखीन. चुकलो तर सांगायचं. एवढंच करा माझ्यासाठी. दुसऱ्या कुनावर माझा भरवसा नाय."

मी होकार दिला. नकार द्यायलाही धीर लागतो, तो माझ्याकडे नव्हता.

चार महिने हे रोज चाललं. मी नाणी टाकायची, मामा पाठमोरे उभे राहून बोलायचे. "चांगलं. चांगलं. बद्द. चांगलं. बद्द." एकदाही चूक नाही. ते "येतो" म्हणून हातोडी उचलत आणि मी सुटकेचा निःश्वास टाकत असे. हळूहळू ते उत्तराला वेळ घेऊ लागले, हे मला दिसत होतं. पण उत्तर बरोबर येत होतं.

मग तो मंगळवार आला. खिडकीपुढे रांग लागलेली, मी घाईत. चार नाणी बरोबर ओळखली. पाचवं नाणं म्हणून, मला काय सुचलं कोण जाणे, मी चिंधीतली आणेली सोडवली आणि फरशीवर टाकली. टक्क. माझ्यासारख्या माणसालाही कळेल इतकी बद्द.

मामांनी बराच वेळ घेतला.

"चांगलं," ते म्हणाले.

मी त्यांच्या पाठीकडे पाहत राहिलो. डगल्याला खांद्यावर ठिगळ होतं. रांगेतला एक माणूस, "ओ, तिकीट द्या ना," म्हणून ओरडत होता. मामा वळले आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी आणेली मुठीत झाकली.

"बरोबर," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा काही सैल झाला की मला तो बघवेना. हातोडी उचलून ते गेले. थोड्या वेळाने फलाटावरून ठोके ऐकू येऊ लागले. ठण्. ठण्. ठण्.

पुढचे अकरा दिवस मी कसे काढले, ते माझं मला माहीत. उद्या सांगू, उद्या सांगू, असं रोज म्हणायचो. उद्या आला की मामा पाठ करून उभे राहत आणि मी मुद्दाम सोपी नाणी टाकत असे. मोठमोठी, खणखणीत. एखादं बद्द टाकलं, तर इतकं सोललेलं की बहिऱ्यालाही कळावं. पुण्याची गाडी सुटली की मी हातातलं काम टाकून कान देई. इंजिनांचा आवाज पळसदरीकडे जाई, मग बारीक होई, मग काहीच ऐकू येत नसे. गाडी वर पोहोचल्याचा निरोप तारेवर येईपर्यंत मी तारेच्या यंत्राशी उभा राहत असे. खोपोली मागणाऱ्याला मी नेरळची तिकिटं देऊ लागलो. रात्री चाकं दिसत. साहेबांना जाऊन सांगावं, असं शंभरदा मनात आलं. पण मग मामांना कळलं असतं की मी खोटं बोललो. त्या घाटातल्या गाडीइतकीच मला मामांच्या नजरेची भीती वाटत होती. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

बाराव्या दिवशी आमची ही आणि पाच वर्षांची मुलगी पुण्याला निघाल्या. हिच्या भावाच्या मुलाचं बारसं होतं, महिन्यापूर्वी ठरलेलं. मी ट्रंक चढवली, दोघींना खिडकीशी बसवलं. मुलगी गजांतून हात बाहेर काढून मला टाटा करू लागली. पलीकडून ठोके येत होते. ठण्. ठण्. आमच्या डब्याखाली ठण् झालं आणि आवाज पुढे गेला.

मला तो आवाज चांगला वाटला की वाईट, ते मला आजही सांगता येणार नाही. मी डब्यात शिरलो आणि ट्रंक ओढली.

"उतरा. आज जायचं नाही."

"अहो, असं काय करता?" ही गोंधळून गेली. "काय झालं?"

"उतर म्हणतो ना!"

मी आयुष्यात तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. मुलगी रडायला लागली. आम्ही तिघं ट्रंकेसह फलाटावर उभे, आणि शेवटचा डबा करून मामा समोरून येत होते. त्यांनी ट्रंक पाहिली, रडणारी मुलगी पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं, भाऊसाहेब? पोरीला बरं नाय?"

"पोटात दुखतंय तिच्या," मी म्हणालो.

"नाही दुखत!" मुलगी हुंदके देत म्हणाली. "मला पुण्याच्या मामाकडे जायचंय."

मामा नुसते बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यावर हातोडी मारून पाहिली नव्हती, ती त्या क्षणी मारली असावी. त्यांचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला. मग ते वळले आणि गार्डाच्या डब्याकडे धावत सुटले. साठीला टेकलेला माणूस, हातात हातोडी घेऊन, फलाटावरच्या लोकांतून धावत होता.

"गाडी सोडू नका! गाडी सोडू नका!"

गार्डाने विचारलं, कुठलं चाक? मामा धापा टाकत म्हणाले, "चाक नव्हं. माझा कान गेलाय. दुसरा मानूस बोलवा. समदी गाडी पुन्ना ठोकून घ्या."

सगळ्या फलाटासमोर म्हणाले. कॅरेजचे साहेब आले, दुसरा माणूस आला, पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकेक चाक पुन्हा तपासलं. पाऊण तास लागला. तेवढा वेळ मामा दिव्याच्या खांबाला धरून उभे होते. मी माझ्या बायकोमुलीला उतरवून घेतलं होतं आणि बाकीची माणसं घाटात पाठवत होतो, हे मला तो पाऊण तास उभं राहिल्यावर कळलं.

सगळी चाकं चांगली निघाली. गाडी गेली. मामांनी हातोडी साहेबांच्या हातात दिली आणि माझ्या खिडकीवरून न थांबता निघून गेले.

उरलेले दोन महिने त्यांना बत्तीघरात कंदील पुसायला बसवलं होतं. ते मागच्या वाटेने येत आणि मागच्याच वाटेने जात. नाण्यांचा डबा माझ्याकडेच राहिला. तो टेबलाखाली पायाला लागला की मी पाय आखडून घेत असे.

ते निवृत्त होऊन गावी गेले, त्यानंतर वर्षाने मी धीर केला आणि डबा पिशवीत घालून एसटीने खालापूरला गेलो. तिथून त्यांचं गाव अर्ध्या तासाच्या चालीवर होतं. मामा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मला पाहून उठले, आत पाणी आणायला सांगितलं. मला मोठ्याने बोलावं लागत होतं.

मी डबा पुढे ठेवला. त्यांनी उघडला नाही.

"त्या दिशी कोनतं टाकलं व्हतं?"

मला वाटलं होतं, ते विचारणार नाहीत. मी चिंधी सोडवून आणेली त्यांच्या तळहातावर ठेवली.

"ही?" त्यांनी ती जवळ धरून पाहिली. "आन मी काय म्हनलो?"

"चांगलं म्हणालात."

मामा हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "पन्नास वर्सं झाली हिला. कुनीतरी एकदा चांगली म्हनायला पायजेच व्हतं. मीच म्हनलो." मग हसणं थांबलं. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "पन भाऊसाहेब, तुमी सांगायला पायजे व्हतं."

"मी भ्यालो, मामा."

"मी बी भ्यालोच व्हतो," ते म्हणाले. "म्हनून तर तुमाला सांगितलं व्हतं."

निघताना त्यांनी डबा ठेवून घेतला आणि आणेली माझ्या हातात दिली. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं.

मीही आता निवृत्त झालो आहे. कर्जतलाच घर बांधलं. आणेली माझ्या टेबलाच्या खणात असते. वर्षातून एखाद्या वेळी मी ती काढतो आणि फरशीवर टाकतो. ती टक्क करून पडते, मला त्या फलाटावर नेऊन उभी करते, आणि मी ती परत ठेवतो.

गेल्या आठवड्यात दुपारी अशीच टाकली. ती पडली, आणि मला ती चांगली वाजली.

मी उचलून पुन्हा टाकली. चांगली. तिसऱ्यांदा टाकली. तरी चांगलीच. ही आत तांदूळ निवडत बसली होती. मी तिला हाक मारली, शेजारी बसवलं आणि म्हटलं, "ऐक. आणि खरं सांग."

मी आणेली टाकली. हिने माझ्याकडे पाहिलं.

"बद्द वाजतेय की हो," ती म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही का?"